अभय साधकाची सायकलयात्रा

डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर काश्मीरच्या दिशेने निघाले. त्यांच्यासोबत एक वाहन होते आणि त्यात आडवे पडून सत्तरी ओलांडलेले बाबा आमटे प्रवास करीत होते. मणक्यांच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच हाती उरले होते. ज्यांना सायकलवर क्षणभर टेकताही येत नव्हते, त्यांनी पाच हजार किलोमीटरच्या सायकलयात्रेचे नेतृत्व केले. या विलक्षण साहसामागे त्यांच्या आयुष्याचेच सूत्र होते. ते सूत्र म्हणजे भीतीशी झुंज.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. शिकार, मोटार आणि हॉलिवूडचे चित्रपट हे त्यांचे तरुणपणीचे छंद. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली केली. मात्र सेवाग्रामशी संबंध आला आणि त्यांच्या जीवनाची दिशा पालटली. रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, हे कळल्यावर गांधीजींनी त्यांना अभय साधक हे बिरुद दिले.

या बिरुदाची खरी कसोटी पुढे लागली. वरोऱ्यात मैला वाहण्याचे काम स्वतः करीत असताना भर पावसात त्यांना तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला. हातापायांची बोटे झडलेला तो देह पाहून बाबा घाबरले आणि घरी निघून गेले. सैनिकांना न भ्यालेला माणूस एका असहाय रुग्णाला भ्याला, ही गोष्ट त्यांच्या मनाला डाचत राहिली. ते परतले, त्याच्यावर आडोसा उभारला, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. परंतु बाबांचा मार्ग ठरला. १९४९ मध्ये कलकत्त्यात त्यांनी कुष्ठरोगाचे शास्त्रीय शिक्षण घेतले. पत्नी साधनाताई आणि मोजके रुग्ण यांच्यासह वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर उभ्या राहिलेल्या आनंदवनाचे उद्घाटन १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते झाले. ज्यांच्या स्पर्शाला समाज भीत होता, त्यांच्याच हातांनी तेथे विहिरी खोदल्या, शेती फुलवली.

ऐंशीच्या दशकात बाबांना तीच भीती देशभर पसरलेली दिसली. पंजाब हिंसाचाराने होरपळत होता, आसाम अनेक वर्षे आंदोलनात होते, तर १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांचे हत्याकांड झाले होते. शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला होता. त्यावर बाबांनी शोधलेला उपाय होता 'भारत जोडो' अभियान.

त्यासाठी निवडलेली सायकल अर्थपूर्ण होती. मोटारीच्या काचेआडून गाव केवळ मागे पडते. सायकलस्वाराला मात्र गावात थांबावे लागते, पाणी मागावे लागते, रात्रीचा आसरा शोधावा लागतो. चढणीवर घाम गाळताना सोबत्याची भाषा आणि जात आड येत नाही. आनंदवनात एकत्र श्रमांनी जे साधले, तेच रस्त्यावर साधण्याचा हा प्रयत्न होता. दक्षिणोत्तर यात्रा १९८६ मध्ये पूर्ण झाली. पुढे १९८८-८९ मध्ये बाबांनी पूर्व-पश्चिम यात्रा काढली. अरुणाचलच्या डोंगरपायथ्याशी वसलेल्या इटानगरपासून गुजरातच्या सागरकिनारी ओखापर्यंतचा हा पल्ला पहिल्याहून लांब होता.

या यात्रांनी हिंसा थांबली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पंजाबमधील रक्तपात नव्वदच्या दशकापर्यंत सुरूच राहिला. परंतु यात्रेचे मोल केवळ तात्काळ यशाने मोजता येत नाही. परप्रांत म्हणजे नकाशावरचा रंग नव्हे, तर तेथेही आपल्यासारखीच माणसे राहतात, हा अनुभव तरुणांना देणारी ती एक चालती शाळा होती.

बाबा स्वतः यात्रा संपल्यावरही विसावले नाहीत. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले. धरणग्रस्तांच्या लढ्यासाठी त्यांनी पद्म पुरस्कार शासनाला परत केले आणि सुमारे एक दशक तेथेच वास्तव्य केले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. दहन न करता त्यांचा देह त्याच मातीत विसावला.

बाबा आमटे निर्भय जन्मले नव्हते. तुळशीरामपासून दूर पळालेली पावले त्यांनी मागे वळवली, आणि मग ती कधीच थांबली नाहीत.