नेटमधला बाळू, मॅचमधला बाळू

कॉलेज टीमची ट्रायल कधी दिली आहे का तुम्ही? दिली नसेल तर बघितली तरी असेलच. साठ-सत्तर पोरं रांगेत, दोन नेट, खुर्चीवर बसलेले सर आणि त्यांच्या हातात वही. बॉलरच्या वाट्याला सहा बॉल, फार तर बारा. तेवढ्यात ठरतं, हा पोरगा घ्यायचा की घरी पाठवायचा. ज्याचं नाव यादीत येत नाही, तो किट उचलून गुपचूप निघतो. पुढे कधी तो खेळतो, बहुतेक वेळा खेळतच नाही.

नवख्या खेळाडूत किती दम आहे हे ओळखणं हा आता जगभरातला मोठा धंदा झालाय. आपल्याकडे आयपीएलचं ऑक्शन असतं, तसा अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये ड्राफ्ट असतो. त्या खेळात ‘रनिंग बॅक’ नावाचा एक खेळाडू असतो. बॉल छातीशी धरून समोरच्या धिप्पाड खेळाडूंच्या भिंतीतून फट शोधत पळायचं, हे त्याचं काम. आपल्या कबड्डीतला रेडर आठवा, साधारण तीच जात. कॉलेजमधून आलेल्या पोरांना आधी ४० यार्ड पळायला लावतात, स्टॉपवॉचवर वेळ मोजतात, उंची-वजन-उडी सगळं लिहून घेतात. एवढं करूनही १९९५ च्या ड्राफ्टमध्ये टेरेल डेव्हिस नावाच्या रनिंग बॅकच्या आधी १९५ जणांची नावं पुकारली गेली. त्याच डेव्हिसनं १९९८ च्या सीझनमध्ये २,००८ यार्ड काढले आणि दोन सुपर बोल जिंकले. स्टॉपवॉचला त्याचे पाय दिसले होते, डोकं दिसलं नव्हतं.

पण समजा, टॅलेंट सगळ्यांना अगदी स्वच्छ दिसतंय, वाद घालायला जागाच नाही, आणि तरीही पोराला पुढे येऊ द्यायचं नाहीये. मग? असं एका पोराच्या बाबतीत घडलं, आणि तेही आपल्या पुण्यात. त्याचं नाव पालवणकर बाळू. भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा बॉलर म्हणून त्याचं नाव घेतात, पण तुमच्या ग्रुपमध्ये विचारून बघा, किती जणांना माहीत आहे.

चार रुपये पगार, आठ आणे बक्षीस

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, पालवण गावावरून पालवणकर. चांभार समाजातलं, म्हणजे त्या काळात अस्पृश्य ठरवलेलं. वडिलांची नोकरी लष्करातली, त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. लष्करी साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

शिक्षण फार झालं नाही. पहिली नोकरी लागली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात, पिच झाडायची आणि रोलर फिरवायची. पगार महिना तीन रुपये. मग १८९२ च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेला. तिथे चार रुपये. कामं तीच, वर नेट बांधायचं आणि टेनिस कोर्टावर पांढऱ्या रेघा मारायच्या. साहेब लोकांना प्रॅक्टिसला बॉलर कमी पडला की अधूनमधून बॉल या पोराच्या हातात यायचा.

इथे कॅप्टन जे. जी. ग्रेग येतो. पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळलेला हा माणूस त्या वेळी भारतातल्या सर्वोत्तम युरोपियन बॅट्समनपैकी एक होता. बाळू डावखुरा स्पिनर. बॉल दोन्हीकडे वळवायचा, वेग आणि उंची बदलत राहायचा, आणि टप्पा मात्र हलायचा नाही. ग्रेगनं हे लगेच हेरलं. बाकीचे यायच्या तासभर आधी तो मैदानावर हजर व्हायचा आणि एकट्या बाळूला बॉलिंग करायला लावायचा. असं सांगतात की, आउट केलं की ग्रेग बाळूला आठ आणे द्यायचा. हिशोब करून बघा. महिन्यात आठ वेळा ग्रेगची विकेट म्हणजे अख्खा पगार!

म्हणजे स्काउटिंग झालं होतं, आणि चांगल्या माणसानं केलं होतं. रोज तास-तास बॉलिंग, समोर अव्वल बॅट्समन. आजच्या कुठल्या अकादमीत मिळेल असा सराव? पण एक गोष्ट लक्षात घ्या. इतक्या वर्षांत पूना क्लबात बाळूच्या हातात बॅट एकदाही दिली गेली नाही. बॅटिंग हे साहेबांचं काम, बॉलिंग हे नोकराचं. तो बॅटिंग करू शकतो का, हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

मैदानात एक, तंबूत दुसरा

पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. त्यासाठी लागणारा बॉलर युरोपियनांच्याच मैदानावर रोलर ओढत होता. त्याला घ्यायचं की नाही यावरून क्लबात वाद झाला. काही सभासद हो म्हणाले, काहींना तो विटाळ वाटला. शेवटी जिंकायची इच्छा भारी पडली आणि बाळू टीममध्ये आला.

आला, पण कसा? मैदानात सगळे त्यानं टाकलेल्या बॉलला हात लावत होते. चहाची वेळ झाली की इतरांना तंबूत चिनीमातीचे कप आणि बाळूला बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. तोंड धुवायला पाणी हवं असलं तर तेही लांब कोपऱ्यात, अस्पृश्य नोकराच्याच हातून. जेवायला वेगळं ताट, वेगळी जागा. विकेट मात्र सगळ्यांच्या!

बाळू विकेट काढत गेला आणि त्याची टीम जिंकत गेली. न्यायमूर्ती रानड्यांनी त्याचा जाहीर सत्कार केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय अडचण आहे, असा मुद्दा टीममधल्या इतरांसमोर ठेवला, असं सांगितलं जातं.

मग १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला आला. इथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्याच्या नावाला आधी विरोध झालाच. पण पुढे तो टीमचा मुख्य बॉलर झाला, बीबीसीआय रेल्वेत नोकरीला लागला आणि जिमखान्यात बाकीच्यांच्या पंगतीला बसून जेवूही लागला. नुसत्या भाषणांनी जे झालं नव्हतं, त्याला विकेटांनी हात लावला.

कधी रविवारी मोकळे असाल तर विक्रोळीहून लोकल पकडा, सीएसएमटीला उतरा आणि आझाद मैदानाच्या कडेने चालत बॉम्बे जिमखान्यापर्यंत जा. १९०६ च्या फेब्रुवारीत याच मैदानावर हिंदूंची युरोपियनांशी मॅच झाली. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. राज्यकर्त्यांचा १०९ रनांनी पराभव. दुसऱ्या डावातल्या पडझडीत बाळूच्या बॉलिंगचा मोठा हात होता. भाऊ शिवरामही त्या टीममध्ये होता.

पस्तिसाव्या वर्षी इंग्लंड

१९११ मध्ये सगळ्या भारताची म्हणून एक टीम पहिल्यांदाच इंग्लंडला गेली. कॅप्टन पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय एकोणीस. बाळू पस्तिशीचा. बॉलरचं ऐन वय आता सरत आलं होतं. निकाल बघाल तर दौरा फसलेलाच म्हणायचा, टीम जिंकली कमी आणि हरली जास्त. पण बाळूचे आकडे बघा. सगळ्या मॅचेस धरून ११४ विकेट, सरासरी १८.८६. परकं हवामान, परकी पिचेस आणि समोर इंग्लिश काउंटी टीम.

आणि आता ती पूना क्लबातली बॅट आठवा. सॉमरसेटविरुद्ध शेवटच्या डावात टीमला अडीचशेच्या वर रन हवे होते. शिवरामनं नाबाद शतक ठोकलं, बाळूनं अर्धशतक केलं आणि टीम एक विकेट राखून जिंकली. ज्याला नेटमध्ये कधी बॅट मिळाली नव्हती, त्या माणसाचं हे अर्धशतक. विशीत बॅट मिळाली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर आता कुणीच देऊ शकत नाही.

इंग्लंडहून परतलेला बाळू दलित समाजातल्या तरुणांचा हिरो झाला होता. त्यात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक तुमच्याच वयाचा विद्यार्थी होता, भीमराव आंबेडकर.

कॅप्टन मात्र नाही

एवढं सगळं झाल्यावर बाळू हिंदू टीमचा कॅप्टन व्हायला हवा होता, नाही का? टीममधला सगळ्यात अनुभवी, पिच आणि बॅट्समन दोन्ही वाचणारा. पण कॅप्टनपद कायम दुसऱ्याकडे राहिलं. चांभाराच्या पोरानं विकेट काढणं चालत होतं, त्याचा हुकूम ऐकणं चालत नव्हतं.

१९२० मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल, जो तोवर टीमचा प्रमुख बॅट्समन झाला होता, त्यालाही कॅप्टनपदासाठी डावलण्यात आलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीरपणे माघार घेतली. मोठा गाजावाजा झाला. शेवटी तडजोड निघाली, बाळूला व्हाइस-कॅप्टन केलं गेलं. कॅप्टन एम. डी. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा टीम बाळूनं चालवली. वय ४४. आयुष्यभराच्या खेळाला मिळालेलं नेतृत्व एवढंच.

पण दार किलकिलं झालं होतं. १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाला आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

नंतर बाळू पालवणकर राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईत उभं केलं ते थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात. सुमारे दोन हजार मतांनी ते हरले. एकेकाळचा हिरो आणि त्याचा चाहता असे समोरासमोर आले. १९५५ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. भारताची पहिली टेस्ट झाली १९३२ मध्ये, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. त्यामुळे टेस्टच्या रेकॉर्डमध्ये त्यांचं नाव नाही. फर्स्ट-क्लासमध्ये आहे : ३३ मॅचेस, १७९ विकेट, सरासरी १५.२१.

मग ओळखायचं कसं?

बाळूंना टॅलेंट नाही असं कुणीच म्हणालं नव्हतं, ग्रेग नाही आणि क्लबही नाहीत. तरीही त्यांचं सामर्थ्य कुणी पूर्ण मोजलं नाही, कारण मोजणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं की यानं काय करायचं आणि किती वर जायचं. हे फक्त १८९० मधलं दुखणं नाही. आजही ट्रायलच्या रांगेत कुणाचं किट महागडं, कुणाचं इंग्लिश चांगलं, कोण कुठल्या वस्तीतून आलं हे बॉल पडायच्या आधी दिसत असतं.

तुमच्यातले काही जण उद्या टीमचे कॅप्टन व्हाल, फेस्टिवलमध्ये स्पोर्ट्सचे हेड व्हाल, कन्नमवार नगराच्या किंवा टागोर नगरच्या मैदानावर टेनिस बॉलची टीम काढाल. तेव्हा नवा पोरगा आला की तीन गोष्टी करा. एक, नेटवर थांबू नका, त्याला मॅच द्या. एक नाही, चार-पाच. दोन, तो जे करतो असं तुम्हाला वाटतं, ते सोडून दुसरं काहीतरी करायला द्या. बॉलरला बॅट द्या, शेवटी येणाऱ्याला वर पाठवा, गप्प असणाऱ्याला एक ओव्हर फील्ड लावू द्या. तीन, त्याच्याबद्दलचं मत बनवताना वहीत कारण लिहा. लिहिलेलं कारण खेळाचं आहे की दुसरंच काही, हे वाचल्यावर तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि तुम्ही स्वतःच रांगेत उभे असाल, हातात अजून फक्त रोलरच असेल, तर बाकीच्यांच्या आधी तासभर मैदानावर यायला बाळूलाही लागायचंच. रोलर ठेवून बॉल हातात घ्यायची संधी त्याला सुरुवातीला कधीतरीच मिळायची. मिळाली तेव्हा टप्पा चुकला नाही.