मेफ्लॉवर हॉटेलातला फोन

११ मे १९३५, शनिवार. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या टायरच्या कारखान्यांच्या शहरात, मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत चाळिशीला टेकलेला एक उंच माणूस येरझारा घालत होता. एका कंपनीचा ताबा मिळवण्याचा डाव नुकताच फसला होता आणि खिशात फारसे पैसे उरले नव्हते. लॉबीच्या एका टोकाला बार होता, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. त्याआधी घरच्या बायबलमध्ये स्वहस्ते लिहिलेल्या शपथा त्याने एकामागून एक मोडल्या होत्या.

हा माणूस म्हणजे बिल विल्सन. २६ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हरमाँटमधल्या ईस्ट डॉर्सेट या खेड्यात, आजीच्या खाणावळीत, बारच्या मागच्या खोलीत तो जन्मला. नियतीची थट्टा म्हणावी तर ही! आई-वडील विभक्त झाले आणि तो आजोळी वाढला. बूमरँग ऑस्ट्रेलियनांखेरीज कुणाला जमत नाही, असे आजोबा एकदा बोलून गेले. पोरगा सहा महिने लाकडे तासत बसला आणि बूमरँग फिरून येते हे त्याने दाखवूनच दिले. हट्ट हा असा.

१९१७ साली लष्करात असताना एका मेजवानीत त्याने पहिला पेला घेतला आणि त्याचा जन्माचा बुजरेपणा त्यात विरघळला. पुढच्याच जानेवारीत लोइसशी लग्न झाले. मोटारसायकलवरून नवरा-बायको गावोगाव फिरत, कारखाने पाहत आणि त्या माहितीवर बिल शेअर बाजारात नाव कमावी. १९२९ ला बाजार कोसळला, पण दारूने त्याला आधीच पोखरले होते. सासऱ्याच्या ब्रुकलिनमधल्या घरात राहायची वेळ आली. लोइस दुकानात नोकरी करून घर चालवी आणि संध्याकाळी परतताना तो कोणत्या अवस्थेत सापडेल या धास्तीने दार उघडी. हे दार आपल्याकडेही पुष्कळ बायकांच्या ओळखीचे आहे.

टाउन्स हॉस्पिटलमधल्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितले, की हा चारित्र्याचा दोष नाही, आजार आहे. पटले, तरी पिणे थांबले नाही. मग नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी नावाचा जुना पिणारा दोस्त घरी आला आणि पुढे केलेला पेला त्याने चक्क नाकारला. डिसेंबरात बिल पुन्हा इस्पितळात दाखल झाला, तो शेवटचाच. नंतर तो न्यूयॉर्कमधले दारूडे गाठून त्यांना उपदेश करू लागला. एकही सुधारला नाही. पण तो स्वतः तर प्यायला नाही ना, हे लोइसनेच त्याच्या लक्षात आणून दिले.

त्या शनिवारी लॉबीत त्याला हेच आठवले असावे. आता आपल्याला वाचवायला दुसरा दारूडाच हवा! त्याने यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला. एका नावावरून दुसरे असे करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. डॉ. बॉब स्मिथ या सर्जनच्या व्यसनाने त्या चिंतेत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला डॉक्टर पत्नीसह आले, ते फक्त पंधरा मिनिटे थांबायच्या अटीवर. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. बिलने उपदेशाचा एक शब्द काढला नाही, स्वतःची कहाणी तेवढी सांगितली. डॉक्टरांना औषधे ठाऊक होती. आपल्यासारखाच प्यालेला माणूस असा बोलताना ते प्रथमच ऐकत होते.

डॉक्टर एकदा घसरले. १० जून १९३५ च्या सकाळी शस्त्रक्रिया होती आणि हात थरथरत होते, तेव्हा बिलनेच त्यांना बियरची बाटली दिली. तो त्यांचा अखेरचा घोट. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' आपला वाढदिवस त्याच तारखेला मानते. मग दोघे इस्पितळातून तिसरा शोधायला निघाले. १९३९ मध्ये पुस्तक निघाले. १९४१ च्या मार्चमध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'ने लेख छापला आणि वर्षभरात दोन हजारांचे आठ हजार सभासद झाले. कुणी पत्र धाडावे, मग जवळच्या मीटिंगचा पत्ता मिळावा. जवळ मीटिंग नसेल तर त्यानेच ती सुरू करावी. फी नाही, आडनाव नाही, सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. १९५७ मध्ये ही चळवळ भारतात आली आणि आज मुंबई-पुण्यात मराठीतूनही अशा मीटिंगा भरतात.

लोइसची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. नवरा सुधारल्यावर एका रविवारी तो मीटिंगसाठी घाई करू लागला, तेव्हा तिने पायातला बूट त्याच्यावर भिरकावला. इतकी वर्षे जे आपल्याला जमले नाही ते परक्यांनी करून दाखवले, हा सल होता. नवरे आत बोलत असता ताटकळणाऱ्या बायकांनाही बोलायला जागा हवी, हे तिला उमगले आणि १९५१ साली कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' उभे राहिले.

बिलला देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. संसारात त्याने लोइसशी प्रतारणा केली, वर्षानुवर्षे नैराश्याने ग्रासला, सिगारेट तर फुप्फुसे निकामी होईपर्यंत ओढली. पण येल विद्यापीठाने देऊ केलेली मानद पदवी त्याने नाकारली, निनावी राहायचे म्हणून. अखेरच्या आजारात त्याने व्हिस्की मागितली. कुणी दिली नाही. २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, तो मायामीत गेला. ईस्ट डॉर्सेटमधल्या त्याच्या थडग्यावर संस्थेचे नावही कोरलेले नाही. दारू सोडून इतकी वर्षे झाली म्हणून मिळालेली बिल्ले-नाणी लोक तिथे ठेवून जातात.