परमुलखातून धम्म आणणारे धर्मानंद कोसंबी



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत थोर माणसांची चरित्रं आपण छापतोच. यंदा आम्ही अशा एका माणसाबद्दल लिहीत आहोत, ज्यांचं नाव पाली शिकणाऱ्यांच्या तोंडी असतं, पण आपल्या कात्रजच्या वस्त्यांत फारसं निघत नाही. ते म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी. सम्राट अशोकाच्या काळात महिंद आणि संघमित्ता धम्म घेऊन सिंहलद्वीपाला गेले. दोन हजार वर्षांनी हा मराठी माणूस तोच धम्म परत आणायला तिकडे गेला. तिथं ते कसे राहिले, काय सोसलं, हे आपल्या घराघरात कळायला पाहिजे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळचा, सारस्वत ब्राह्मणाच्या घरी. शिक्षण जेमतेम मराठी शाळेतलं. घरची नारळीची बाग बघायची, हेच काम. लग्न लहान वयातच झालं. त्या काळी बालबोधमेवा नावाचं ख्रिस्ती मिशनचं मुलांचं मासिक निघायचं. त्यात भगवान बुद्धाचं चरित्र त्यांच्या वाचनात आलं आणि मनानं ध्यास घेतला. मिशनरी आले होते आपला धर्म सांगायला, पण त्यांच्याच कागदावर एका तरुणाला बुद्ध भेटला!

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. पुण्यात आले, डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. पुढे काशीला जाऊन अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात बुद्धाचा धम्म सापडेल म्हणून पायपीट केली, पण निराशा पदरी आली. मग बुद्धगया, कलकत्ता करत १९०२ साली ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे ते श्रामणेर झाले.

आता खरी परीक्षा सुरू झाली. आपल्याला वाटतं, चीवर घातलं की माणूस सुटला. तसं नसतं. पोट तर बरोबरच येतं. गोव्याच्या माणसाला भात आणि नारळ नवा नाही, पण सिंहली कालवणात सुकी मासळी कुटून घालतात, आणि हे तर शाकाहारी राहणारे. त्यात भिक्खूंनी दुपारी बाराच्या आत जेवायचं, नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. तिथलं जेवण आणि हवा मानवेना, तब्येत ढासळली. पुढे सिलोन सोडून मद्रासला यावं लागलं. पण परत फिरून गोव्याला गेले नाहीत. तिथून ब्रह्मदेशाला गेले, भिक्खू म्हणून राहिले आणि ध्यान शिकले.

दुसरी अडचण अक्षरांची. पाली भाषा एकच, पण सिलोनात ती सिंहली लिपीत लिहितात आणि ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या गोल गोल अक्षरांत. म्हणजे पंचविशी उलटल्यावर पुन्हा बाराखडीपासून सुरुवात. बरोबर बोलायला आपल्या भाषेचं माणूस नाही. तरी त्यांनी दोन्ही लिप्या शिकून घेतल्या.

आणि तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. काशीत जेवायला ब्राह्मण जात उपयोगी पडली. भिक्षापात्र हातात आल्यावर जात संपली. ब्रह्मदेशात सकाळी भिक्खू निघाले की घरोघरची माणसं भात घेऊन दारात उभी राहतात. वाढणारा कोण, हे विचारायचं नाही, जे पात्रात पडेल ते घ्यायचं. सोवळंओवळं मोडायला याहून सोपी आणि याहून अवघड रीत नसेल.

१९०६ साली ते कलकत्त्याला परत आले, चीवर उतरवलं आणि पाली शिकवू लागले. पण ही विद्या आपल्या माणसांत आली पाहिजे, ही तळमळ होती. कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडून महाराज सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या महिना ५० रुपयांवर ते महाराष्ट्रात आले. १९१० साली अमेरिकेत हार्वर्डला विसुद्धिमग्गाचं संपादन करायला गेले. कुठे रंगूनची वाळलेली पानं आणि कुठे बोस्टनकडचा बर्फ! चीवराच्या जागी कोट आला, इंग्रजीही मोठेपणीच शिकलेलं. १९१२ ते १९१८ आपल्या पुण्यातच फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं. पुढे पुन्हा अमेरिका झाली, १९२९ ला रशियात लेनिनग्राडही झालं. १९३० ला परत येऊन मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले.

एवढं जग पाहिलेला हा पंडित १९३७ साली राहायला कुठे गेला? मुंबईत परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत. तिथं बिर्लांच्या देणगीतून बहुजन विहार उभा केला. आम्ही गिरणीत पाळ्या केलेली माणसं आहोत, भोंग्याच्या आवाजात धम्म सांगणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. पाळी सुटलेला माणूस डोळे मिटत बसतो, त्याला पाली शब्द नको, सरळ मराठी पाहिजे. धर्मानंदांनी पुस्तकं तशीच सरळ मराठीत लिहिली. ४ जून १९४७ ला सेवाग्रामला त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट लपवणं बरं नाही. घर सोडलं तेव्हा मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी माणिक होती. परदेशची भूक धर्मानंदांनी सोसली, ती स्वतः निवडलेली होती. बाळाबाईंनी सोसलं ते न विचारता अंगावर आलेलं. पुढे कुटुंब पुण्यात एकत्र आलं. १९१८ ला माणिक आणि मुलगा दामोदर यांना त्यांनी बरोबर अमेरिकेला नेलं, आणि तोच दामोदर पुढे थोर गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी झाला. पण मधली वर्षं कुणी भरून देत नाही. चळवळीत फिरणाऱ्या आम्हा पुरुषांनी हे वाचून आपल्या घराकडे एकदा बघावं.

आज आपल्या विहारात श्रीलंकेचे, म्यानमारचे, थायलंडचे भन्ते येतात, तेव्हा ते आपल्या मुलखात परके असतात. आपलं झणझणीत कालवण त्यांना सोसतं का, हे आधी विचारावं. भोजनदान बाराच्या आत व्हावं, भाषणं लांबवून त्यांना उपाशी ठेवू नये. फोटो नंतरही निघतात. आणि आपल्या पोरापोरींनी रविवारी तासभर बसून पाली शिकावी. त्यांना तर नवी लिपीसुद्धा शिकायची नाही, आपल्या बाळबोध अक्षरांतच पुस्तकं आहेत. ती तशी मिळावीत म्हणून कुणीतरी अर्धपोटी राहून दोन लिप्या गिरवल्या होत्या.

नमो बुद्धाय! जयभीम!