उघड्या दाराची प्रार्थना

पंडिता रमाबाईंचं लहानपण तीर्थयात्रांत गेलं. आईवडील पुराण सांगत गावोगाव फिरायचे. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात चिमुकली मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

पुण्याच्या शारदा सदनात त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत. यायची सक्ती कुणालाच नव्हती, पण दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या आणि गावात गहजब झाला. १८९३ मध्ये पालकांनी अनेक मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळींनीही हात काढून घेतला. दार लावून घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. रमाबाईंनी ते लावलं नाही.

पुढे दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणून केडगावच्या मुक्ती सदनात सांभाळल्या. तिथे प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम, छापखानाही चाले. हिब्रू, ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी देह ठेवला.

मैत्रिणींनो, देवापुढे जोडलेले हात उठल्यावर कुणाच्या उपयोगी पडतात, हे आपणही बघायला हवं, नाही का?