घराण्याचे ऋण

घराण्याची कीर्ती सांगायला सारेच पुढे सरसावतात. घराण्याचे पाप मात्र मनाच्या तळघरात कुलूपबंद राहते. ते कुलूप स्वतःच्या हाताने उघडणारा एक कादंबरीकार अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव नॅथॅनिएल हॉथॉर्न.

मॅसॅच्युसेट्समधील सेलम या बंदराच्या गावी ४ जुलै १८०४ रोजी त्याचा जन्म झाला. वडील जहाजाचे कप्तान. १८०८ साली दूर सुरिनाममध्ये पीतज्वराने ते वारले. आई मुलांना घेऊन माहेरच्या आश्रयाला आली. १८२५ साली पदवी मिळवून नॅथॅनिएल सेलमला परतला आणि सुमारे बारा वर्षे एका खोलीत वाचन-लेखन करीत राहिला. न्यू इंग्लंडचा जुना इतिहास त्याने तेथे पालथा घातला. त्या इतिहासात त्याला स्वतःचेच पूर्वज भेटले.

१६९२ साली सेलममध्ये चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली. आरोपींची कठोर उलटतपासणी घेणाऱ्या न्यायाधीशांत जॉन हॅथॉर्न हा त्याचा खापरपणजोबा होता. सॅम्युएल सीवॉल या दुसऱ्या न्यायाधीशाने १६९७ साली भर प्रार्थनामंदिरात आपली चूक कबूल केली. जॉन हॅथॉर्नच्या पश्चात्तापाची मात्र कोठे नोंद नाही. जॉनचा बाप विल्यम याने तर क्वेकर पंथाच्या एका स्त्रीला चाबकाचे फटके देवविले होते.

नॅथॅनिएलने तरुणपणीच आडनावात एक अक्षर वाढवून हॅथॉर्नचे हॉथॉर्न केले. पूर्वजांपासून दूर होण्याची ही धडपड असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पण अक्षर बदलल्याने रक्त थोडेच बदलते! १८४९ साली जकातीच्या कचेरीतली नोकरी गेली, त्याच वर्षी आईही गेली. त्या दुःखातच त्याने ‘द स्कार्लेट लेटर’ लिहिली. १८५० साली निघालेल्या या कादंबरीच्या प्रास्ताविकात त्याने पूर्वजांच्या कृत्यांची लाज उघडपणे स्वतःच्या माथी घेतली.

पुढच्याच वर्षी ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ आली. कर्नल पिंचनला मॅथ्यू मॉलची जमीन हवी असते. मॉल चेटक्या ठरून फासावर जातो आणि त्याच जागेवर कर्नलचा वाडा उभा राहतो. मरताना मॉलने दिलेला शाप पिढ्यान्‌पिढ्या त्या वाड्यात नांदतो. जमिनीचा हरवलेला दस्तऐवज कर्नलच्याच तसबिरीमागे दडलेला असतो. सापडतो तेव्हा तो कवडीमोलाचा झालेला असतो. शेवटी मॉलचा वंशज आणि पिंचनची लेक यांचे मन जुळते आणि जुने वैर संपते.

१९ मे १८६४ रोजी हॉथॉर्न निवर्तला. त्यानंतर पत्नी सोफियाला कळले, की १८२८ साली त्याने ‘फॅन्शॉ’ नावाची कादंबरी निनावी छापली होती. ती नापसंत पडल्याने मिळतील त्या प्रती त्याने नष्ट केल्या होत्या आणि तिच्याजवळ त्याविषयी कधी शब्दही काढला नव्हता. दोनशे वर्षांचे पाप चव्हाट्यावर मांडणाऱ्यालाही स्वतःची एवढीशी फजिती सांगवली नाही! माणसाचे मन असेच आहे. म्हणूनच त्याने पूर्वजांसाठी दाखविलेले धैर्य अधिक मोठे वाटते.