दुर्बिणीपलीकडचा गॅलिलिओ

गॅलिलिओ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दुर्बीण येते, गुरूचे चंद्र येतात आणि धर्मपीठापुढे गुडघे टेकलेला एक वृद्ध येतो. मलाही तो इतकाच ठाऊक होता. त्याची दुसरी ओळख झाली ती माझ्या धाकट्या भावामुळे. तो अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. यामिकीचा त्याचा पेपर राहिला, तेव्हापासून रोज रात्री तो स्वयंपाकघरात तुळयांची गणिते सोडवीत बसतो. तुळईचे एक टोक भिंतीत रोवलेले, दुसऱ्या टोकाला वजन टांगलेले. ती कुठे मोडेल आणि किती वजनाने मोडेल? उत्तर चुकले की तो वहीचे पानच फाडून टाकी. एकदा तर शिक्षण सोडून देतो म्हणाला. मी कला शाखेची विद्यार्थिनी, त्याला काय मदत करणार? परंतु चरित्रे वाचण्याचा मला नाद आहे. त्या नादातच मला कळले की भावाला छळणारी ती भिंतीतली तुळई गॅलिलिओच्या ग्रंथात आहे, आणि त्याचेही उत्तर चुकले होते!

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील व्हिन्चेन्झो हे संगीतज्ञ होते. तारांना निरनिराळी वजने टांगून ते स्वरांचे नियम तपासून पाहत. घरात विद्या होती, पैसा मात्र बेताचाच होता. मुलाने वैद्य व्हावे म्हणून १५८१ मध्ये त्यांनी त्याला पिसाच्या विद्यापीठात घातले. तेथे त्याचे मन रमेना. टस्कनीच्या दरबारातील गणिती ओस्तिलिओ रिच्ची याच्याकडून त्याला युक्लिडची भूमिती ऐकायला मिळाली आणि त्याचा ओढा कायमचा बदलला. वडिलांना हे रुचले नाही. १५८५ मध्ये पदवी न घेताच तो घरी परतला.

पुढची चार वर्षे शिकवण्या करण्यात गेली. परंतु याच काळात आर्किमिडीज हा त्याचा खरा गुरू झाला. तरफेचा नियम, गुरुत्वमध्य, पाण्यात वस्तूचे वजन का घटते, हे सारे त्याने आर्किमिडीजच्या ग्रंथांतून आत्मसात केले आणि १५८६ मध्ये पाण्यात वस्तू तोलण्याच्या तराजूवर एक छोटा निबंध लिहिला. बोलोन्याच्या विद्यापीठात जागेसाठी खटपट केली, ती फुकट गेली. अखेर १५८९ मध्ये पिसालाच वर्षाला ६० स्कुदी एवढ्या तुटपुंज्या वेतनावर गणिताची प्राध्यापकी मिळाली. ज्या विद्यापीठाची पदवी त्याला नव्हती, तेथेच तो शिकवू लागला.

१५९२ मध्ये तो पादुआला गेला आणि तेथे १८ वर्षे राहिला. जवळच व्हेनिसची प्रसिद्ध गोदी होती. तेथील अनुभवी कारागिरांचे बोलणे तो आदराने ऐके. लहान जहाजापेक्षा मोठ्या जहाजाला पाण्यात सोडताना आधाराची इतकी जास्त काळजी का घ्यावी लागते, असा एक प्रश्न तेथला. प्रमाण तेच, लाकूड तेच, मग मोठे जहाज आपल्याच भाराने मोडेल ही भीती का? गॅलिलिओने त्याचा उलगडा केला. वस्तूची सगळी मापे दुप्पट केली, तर तिचे वजन आठपट होते. पण छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. म्हणूनच हत्तीचे पाय हरणाच्या पायांसारखे सडपातळ असून चालत नाहीत.

त्याने सांगितलेली एक हकिकत मला फार आवडली. संगमरवराचा एक लांब खांब दोन ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. मध्येच तो मोडू नये म्हणून कोणीतरी शहाणपणाने मधोमध तिसरा ओंडका सरकवला. काही महिन्यांनी खांब नेमका त्या मधल्या ओंडक्यावरच मोडला! टोकाचा एक ओंडका कुजून खाली बसला होता, मधला घट्ट राहिला होता, आणि खांबाचा अर्धा भाग अधांतरी लोंबकळत होता. ही गोष्ट मी भावाला सांगितली, तेव्हा तो प्रथमच हसला. दोन आधारांचे गणित समतोलाच्या नियमांनी सुटते, तिसरा आधार आला की तेवढ्याने भागत नाही, असे त्यानेच मला उलट समजावून दिले.

दुर्बिणीने १६१० मध्ये कीर्ती दिली आणि तिच्यामागोमाग संकटही आले. २२ जून १६३३ रोजी, ६९ व्या वर्षी, पृथ्वी फिरते हे मत त्याला रोममध्ये जाहीरपणे सोडून द्यावे लागले. पुढे फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथे तो स्वतःच्याच घरात बंदिवान झाला. त्याची लाडकी मुलगी मारिया चेलेस्ते जवळच्याच मठात जोगीण होती. एप्रिल १६३४ मध्ये तीही वारली. अशा स्थितीत हा म्हातारा आकाश सोडून तारुण्यातल्या तुळयांकडे वळला. दोन नव्या शास्त्रांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला, कारण त्याचे लेखन छापण्यास रोमची बंदी होती. ग्रंथ बाहेर पडला तेव्हा त्याची दृष्टी पूर्ण गेली होती.

त्या ग्रंथातील पहिले शास्त्र म्हणजे पदार्थांच्या बळकटीचे. फूटपट्टी आडवी धरली तर सहज वाकते, कडेवर उभी धरली तर वाकत नाही. याचे गणित त्यात आहे. पोकळ वेत आणि पक्ष्याचे पोकळ हाड हलके असूनही मजबूत का, हेही आहे. चूक झाली ती एका ठिकाणी. तुळई मोडताना छेदातील सगळे तंतू सारखेच ताणले जातात, असे त्याने धरले. प्रत्यक्षात वरचे ताणले जातात, खालचे दाबले जातात आणि मध्ये ताणही नसतो, दाबही नसतो. त्यामुळे त्याच्या हिशेबात तुळईची ताकद तिप्पट आली. फ्रान्समध्ये कुलॉमने १७७३ मध्ये हा हिशेब नीट मांडला. परंतु कोणती तुळई कोणत्या तुळईच्या किती पट बळकट, ही गॅलिलिओची प्रमाणे मात्र बरोबरच राहिली. कारण त्याची चूक सगळीकडे सारखीच तिप्पट होती!

८ जानेवारी १६४२ रोजी आर्चेत्रीच्या त्याच घरात त्याचे निधन झाले.

मला वाटते, धर्मपीठाने त्याला जे सोडायला लावले ते खरे होते, आणि अंधपणात त्याने जे जगाला दिले त्यात एक चूक होती. तरीही त्या चुकीच्या उत्तरापासूनच एक शास्त्र सुरू झाले, कारण प्रश्न अचूक विचारलेला होता आणि रीत उघडपणे मांडलेली होती. कुलॉमला चूक सापडली, ती पान शाबूत होते म्हणूनच.

माझ्या भावाची परीक्षा पुन्हा झाली आहे, निकाल अजून लागायचा आहे. काय होईल ते होवो. पण आता तो चुकलेले पान फाडत नाही. त्याच्यावर बारीकशी रेघ मारतो आणि खाली पुन्हा तुळई काढतो.