बायोसला नाव देणारा माणूस: गॅरी किल्डॉल

फोनचं पॉवर बटण दाबून धरलं की आधी कंपनीचा लोगो येतो, अँड्रॉइड त्यानंतर. मधल्या काही सेकंदांत काम करत असतं ते फर्मवेअर. म्हणजे चिपमध्येच बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम. स्टोरेज कुठे आहे, ते जागं कसं करायचं आणि त्यातून ऑपरेटिंग सिस्टीम उचलून मेमरीत कशी आणायची, एवढंच त्याला माहीत असतं. फोनमध्ये हे सगळं आपल्या नजरेआड उरकतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला मात्र कधीकधी थेट या फर्मवेअरशीच बोलावं लागतं.

समजा, एखाद्या सर्व्हरला आठ डिस्क जोडल्या आहेत आणि सुरू केल्यावर तो म्हणतोय की बूट करायला काहीच सापडत नाही. विंडोज नाही, लिनक्स नाही, माउस तर नाहीच. समोर काळी स्क्रीन आणि यूईएफआय शेलचा प्रॉम्प्ट. तिथे 'मॅप -आर' अशी कमांड दिली की फर्मवेअर सगळं स्टोरेज नव्याने शोधतं आणि यादी दाखवतं. यादीत डिस्क नसेल तर संशय जातो मधल्या कार्डावर, म्हणजे स्टोरेज अ‍ॅडॉप्टरवर. मग 'ड्रायव्हर्स' कमांड देऊन त्या कार्डाचा ड्रायव्हर लोड झालाय का ते बघायचं, 'डीआरव्हीसीएफजी'ने कार्डाची सेटिंग्ज उघडायची, 'डीआरव्हीडायग'ने त्याची तपासणी करायची (कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये तशी सोय असेल तर). सगळं ठीक झालं की 'एफएस०:' टाइप करून त्या डिस्कवर जायचं. अक्षर किंवा नाव, पुढे कोलन, मग एंटर.

हा कोलन, हा प्रॉम्प्ट आणि डिस्कच्या कार्डाशी बोलणारा कोड वेगळा ठेवायची ही पद्धत पर्सनल कॉम्प्युटरच्या जगात रुजवली ती गॅरी किल्डॉलने. बायोस हा शब्दही त्याचाच. गंमत म्हणजे त्याचं नाव निघतं ते बहुतेक वेळा एका हुकलेल्या सौद्यासाठी. तो सौदाही बघू, पण आधी त्याचं खरं काम.

जहाजाचं शिक्षण देणारं घर

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातला. नॉर्वेहून आलेल्या लोकांच्या वंशातलं हे घराणं. आजोबांनी तिथे दर्यावर्दी लोकांना दिशाज्ञान शिकवणारी शाळा काढली होती, वडीलही तीच चालवत. गॅरीने तिथे शिकवलंसुद्धा. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेला गणितासाठी आणि अडकला कॉम्प्युटरमध्ये.

व्हिएतनाम युद्धाचा तो काळ. सक्तीच्या लष्करी सेवेत त्याच्या वाट्याला आलं शिकवण्याचं काम, कॅलिफोर्नियात मॉन्टरे इथल्या नौदलाच्या पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये. सेवा संपल्यावरही तो तिथे शिकवत राहिला. १९७२ मध्ये पीएचडी पूर्ण केली. शोधनिबंध लिहीत प्रोफेसर म्हणून आरामात आयुष्य काढता आलं असतं.

पण इंटेलने ४००४ नावाची चिप बाजारात आणली होती. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात अख्खा प्रोसेसर! गॅरीने तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली आणि लवकरच इंटेलचा सल्लागार झाला. अशा चिप्ससाठी थेट मशीन कोडमध्ये लिहिणं म्हणजे तांदळाच्या दाण्यावर अक्षरं कोरण्यासारखं काम. म्हणून त्याने इंटेलसाठी पीएल/एम नावाची भाषा तयार केली. माणसाला वाचता येईल असं लिहा, तिचं रूपांतर चिपच्या कोडमध्ये होईल.

डिस्क होती, पण मधलं कार्डच नव्हतं

मेहनतान्याच्या जोडीला इंटेलकडून त्याला डेव्हलपमेंट मशीनही मिळालं. अडचण एकच, साठवायचं कशात? तेव्हा प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर ठेवत. पट्टी मशीनमधून सरकवायची, वाट बघायची, फाटली तर पुन्हा. त्याच सुमारास शुगार्ट कंपनीचे आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह आले होते. कंपनीने चाचणीत झिजवलेला एक ड्राइव्ह गॅरीने मिळवला.

ड्राइव्ह टेबलावर आला, पण तो कॉम्प्युटरला जोडणार कसा? ड्राइव्हला फक्त मोटर फिरवणं आणि हेड पुढे-मागे सरकवणं समजतं. तिसऱ्या ट्रॅकवरचा पाचवा सेक्टर वाचून दे, असं सांगितलं तर त्याला काहीही कळत नाही. हे भाषांतर करणारं सर्किट मध्ये लागतं. त्याला तेव्हा कंट्रोलर म्हणत. आजच्या सर्व्हरमधलं स्टोरेज अ‍ॅडॉप्टर हा त्याचाच प्रचंड वाढलेला अवतार. गॅरीने स्वतः प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. तो सॉफ्टवेअरचा माणूस, सोल्डरिंगचा नाही. शेवटी युनिव्हर्सिटीतला मित्र जॉन टोरोडी मदतीला आला. त्याने कंट्रोलर बनवला आणि गॅरीने डिस्कवरच्या फाइल्स सांभाळणारा प्रोग्रॅम लिहिला.

१९७४ मध्ये एक दिवस पॅसिफिक ग्रोव्हच्या घरी दोघांनी तो प्रोग्रॅम कागदी पट्टीवरून शेवटचा लोड केला आणि डिस्कवर लिहिला. मग मशीनला डिस्कवरून सुरू व्हायला सांगितलं. स्क्रीनवर प्रॉम्प्ट आला. पट्टीची गरज संपली होती. हाच सीपी/एम. गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी कंपनी काढली, नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. आकाशगंगांच्या पलीकडचं काही नाही, घरूनच चालायची. नंतर नावातला पहिला शब्द गळाला.

बायोसचा जन्म

इथे जरा हळू वाचा, कारण खरी गोष्ट हीच आहे.

सुरुवातीची गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी, आणि प्रत्येकाचा कंट्रोलर वेगळा. दरवेळी गॅरीला अख्खा सीपी/एम उघडून डिस्कशी संबंधित ओळी शोधून बदलाव्या लागत. १९७६ मध्ये इम्साय नावाची कंपनी आली. त्यांनी लोकांना डिस्क ड्राइव्ह विकले होते, ऑपरेटिंग सिस्टीम मागाहून देतो असं सांगून! आता ती द्यायची वेळ आली होती. पुन्हा नवा कंट्रोलर. गॅरी वैतागला आणि त्या वैतागातून त्याने सीपी/एमचे तुकडे केले.

फाइल म्हणजे काय, ती डिस्कवर कुठे आहे, जागा किती उरली, हा शहाणा भाग एका बाजूला. तो कुठल्याही मशीनवर तसाच राहणार. आणि हार्डवेअरला हात लावणारा भाग दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या भागाला त्याने नाव दिलं बायोस, म्हणजे बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टीम. आपल्या पोस्टातल्यासारखंच. मुख्य ऑफिसला गावातली गल्ली माहीत असायची गरज नाही, ती पोस्टमनला माहीत असते.

सीपी/एम २.२ मध्ये बायोसच्या सुरुवातीला १७ उड्यांचा एक तक्ता असे. त्यातल्या आठ उड्या डिस्कसाठी: ड्राइव्ह निवड, हेड शून्यावर ने, ट्रॅक ठरव, सेक्टर ठरव, सेक्टरचा क्रमांक बदलून दे, डेटा मेमरीत कुठे ठेवायचा ते सांग, वाच, लिही. बस्स. नवीन कंट्रोलर आला की एवढीच आठ कामं लिहायची. वरच्या शहाण्या भागाला पत्ताही लागत नसे की खाली कार्ड बदललंय.

हे बसवायचं कसं, तेही गॅरीने दिलेल्या कमांड्सनीच. 'मूव्हसीपीएम'ने मेमरीच्या मापाची सिस्टीम तयार करायची. मग 'डीडीटी' उघडायचं. हे त्याचं डीबगर. नाव कीटकनाशकाचं, कारण बग मारायचे. त्यात 'डी' दाबलं की मेमरी दिसे, 'एस'ने एकेक बाइट बदलता येई, 'टी'ने प्रोग्रॅम पायरी-पायरीने चालवून कुठे अडकतोय ते बघता येई. आपला बायोस त्यात बसवला की 'सेव्ह' आणि शेवटी 'सिसजेन', म्हणजे तयार सिस्टीम डिस्कच्या पहिल्या दोन ट्रॅकवर लिहून टाकायची. काही चुकलं की मशीन सुरूच होत नसे. मग दुसरी डिस्क घालून पुन्हा सगळं.

वाचताना चूक आली तर? मार्गदर्शन असं होतं की बायोसने किमान दहा वेळा पुन्हा प्रयत्न करावा आणि तरी जमलं नाही तर वर १ हा आकडा पाठवावा. जमलं तर ०. हा १ मिळाला की वरचा भाग स्क्रीनवर सांगे की अमुक ड्राइव्हवर खराब सेक्टर आहे. यावरून दुरुस्ती करणाऱ्याला कळायचं की तक्रार फाइलची नाही, खालच्या मजल्यावरची आहे. आजही सर्व्हरचा माणूस हेच आधी ठरवतो: दोष ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, ड्रायव्हरमध्ये, अ‍ॅडॉप्टरमध्ये, की डिस्कमध्ये?

एक फरक लक्षात ठेवा. गॅरीचा बायोस डिस्कवर असे आणि सुरू होताना मेमरीत येई. चिपमध्ये असे तो फक्त सुरुवातीचा धक्का देणारा छोटासा कोड. बायोस मदरबोर्डवरच्या रॉममध्ये बसला आणि घराघरांत पोहोचला तो आयबीएम पीसीबरोबर, १९८१ मध्ये. म्हणजे फर्मवेअर झाला. नाव मात्र तेच राहिलं.

हुकलेला सौदा

सीपी/एम धडाक्यात चालला. शेकडो प्रकारची मशीन्स, सगळ्यांवर तोच. आणि जी गोष्ट त्याला श्रीमंत करत होती, तिनेच त्याच्यासाठी खड्डाही खणला. शहाणा भाग आणि बायोस यांच्यातली सीमा इतकी स्पष्ट होती, मॅन्युअलमध्ये इतकी नीट लिहिलेली होती, की तसाच वागणारा दुसरा प्रोग्रॅम लिहिणं शक्य होतं.

१९८० मध्ये आयबीएमची माणसं ऑपरेटिंग सिस्टीम शोधत पॅसिफिक ग्रोव्हला आली. गॅरी सकाळी स्वतःचं विमान घेऊन एका गिऱ्हाइकाकडे गेला होता. यावरून पुढे कथा पसरली की हा मजेत उडत बसला आणि नशीब घालवलं. ही कथा अन्यायाची आहे. तो कामासाठीच गेला होता, आणि असे व्यवहार एरवीही डोरोथीच बघायची. आयबीएमच्या एकतर्फी गुप्तता करारावर सही करायला तिने नकार दिला. त्याच्या सांगण्यानुसार दुपारी तो परतला आणि बोलणीही झाली. पण एकरकमी पैसे घेऊन सीपी/एम देऊन टाकायची त्याची तयारी नव्हती, त्याला प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी हवी होती.

तिकडे सिअ‍ॅटलमध्येच टिम पॅटरसनने सीपी/एमचं मॅन्युअल समोर ठेवून तसेच कॉल्स पाळणारी नवीन सिस्टीम लिहिली होती. ती मायक्रोसॉफ्टने घेतली आणि आयबीएमला दिली. तीच डॉस. गॅरीने तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ सुद्धा विकायचं कबूल केलं. पण डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ २४० डॉलरला! दुकानात उभा असलेला माणूस काय उचलणार? तेव्हा सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचा कायदा धूसर होता. गॅरी कोर्टात गेला नाही. माझ्या मते तो व्यापारी कमी आणि शिक्षक जास्त होता. कंट्रोलरचा प्रश्न सुटला की त्याला पुढचा प्रश्न हवा असायचा.

आणि त्याने पुढचे प्रश्न घेतलेही. एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणारी सिस्टीम, मग सीडी-रॉम. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ग्रोलियर विश्वकोश एका चकतीत मावला. टीव्हीवर 'कॉम्प्युटर क्रॉनिकल्स' हा कार्यक्रम तो १९८३ पासून अनेक वर्षं सहसूत्रसंचालक म्हणून करायचा. दाढीवाला, शांत, समोरच्या पाहुण्याच्या यंत्रात खरोखर रस घेणारा.

१९९१ मध्ये नॉव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली. पैसा मिळाला, पण डॉसची सावली सुटली नाही. शेवटच्या वर्षांत दारूही वाढली होती. जुलै १९९४ मध्ये मॉन्टरेतल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ जुलैला तो गेला. वय ५२. त्याने आठवणी लिहून जवळच्यांना वाटल्या होत्या. त्यांचा पहिला भाग २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. त्याआधी, २०१४ मध्ये, पॅसिफिक ग्रोव्हमध्ये कंपनीच्या जुन्या घराजवळ आयईईईने सीपी/एमच्या नावाची पाटी बसवली.

सीपी/एमचे एम्युलेटर आज ब्राउझरमध्येही चालतात. सुरू केलं की 'ए' आणि बाणासारखं एक चिन्ह येतं. 'स्टॅट' लिहा आणि एंटर दाबा. डिस्कवर किती जागा उरली ते दिसेल. मेगाबाइटमध्ये नव्हे, किलोबाइटमध्ये.